घर वेगळे, गल्ला वेगळा

आपल्या व्यापारी कुटुंबांत घर आणि दुकान यांच्यात फार तर एका भिंतीचे अंतर असते. आमच्या धनजसारख्या गावात पुढे दुकान, मागे माजघर आणि मधल्या दाराला पडदा, अशीच घरांची रचना होती. हिशेबही एकाच गल्ल्यातून चाले. मालाचे पैसे, मुलांची फी, पाहुण्यांचा आहेर, सारे तेथूनच निघे. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या निभावली, कारण घर वडिलोपार्जित होते आणि त्यावर कोणाचे देणे नव्हते. आता आपली मुले कारंजा, अमरावती, नागपूर येथे स्वतःचे पहिले घर घेऊ पाहतात. अशा वेळी एकाच गल्ल्याची ही जुनी सवय धोक्याची ठरते, हे बँकेतील नोकरीत मी जवळून पाहिले आहे.

माझा पुतण्या सोयाबीन-तुरीचा व्यापार करतो. त्याने अमरावतीला सदनिका पाहिली आणि मला म्हणाला, “काका, दुकानाची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेतो आणि त्यातूनच पैसे देतो. गृहकर्जाच्या कागदांची कटकट कशाला?” विचार सोपा वाटतो, पण कॅश क्रेडिट हे माल आणि उधारी यांवर दिलेले, दरवर्षी नूतनीकरण होणारे कर्ज आहे. हंगामात घेतलेला माल विकला की ते खाली यावे, अशी त्याची रचना असते. ते पैसे भिंतींत अडकले की पुढच्या हंगामात खरेदीला हात आखडतो आणि व्याजाचा मीटर मात्र चालूच राहतो. शिवाय घरासाठी ती रक्कम वळवणे हा मंजुरीच्या अटींचा भंग ठरतो. घरासाठी गृहकर्जच घ्यावे. त्याचा व्याजदर सहसा कमी असतो आणि फेडीची मुदत लांब असते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. माझ्या सेवाकाळात एका गावी एक व्यापारी कुटुंब होते. वडील गेल्यावर घर आईच्या नावे झाले. मुलांनी दुकानाची मर्यादा वाढवताना तेच घर तारण दिले आणि जामीनदार म्हणून आईची सही घेतली. दोन वर्षे भाव पडले, उधारी बुडाली, खाते थकले. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस निघाली. ती आई शाखेत येऊन मला म्हणाली, “साहेब, देणं दुकानाचं आहे ना? मग नोटीस घराला कशी?” कायद्याचे उत्तर माझ्याजवळ होते. ते तिला ऐकवताना मात्र शब्द जड झाले. त्या कुटुंबाने घर स्वतःच विकून पै न पै फेडली. बाजारात त्यांची पत टिकली. पण त्या आईचे पुढचे आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेले.

म्हणून पहिले घर घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. राहते घर दुकानाच्या कर्जाला बांधू नका. व्यापारात चढउतार असतोच. तो उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नका.

आता गृहकर्ज मिळण्याविषयी. बँक आयकर विवरणपत्रातील उत्पन्न पाहते, गल्ल्यातील नव्हे. वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवणाऱ्याला ऐन वेळी कर्जही कमीच मिळते. घर घ्यायचे मनात आले की किमान तीन वर्षे आधीपासून विवरणपत्रे खरी आणि वेळेवर भरावीत. विक्रेता काही भाग रोख मागतो, तेव्हाही ठाम राहावे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो, ही तरतूद २०१५ पासून आहे. घेणाऱ्याचे नुकसान वेगळेच. व्यवहार मोडला तर त्या रोख रकमेचा पुरावा त्याच्याजवळ उरत नाही.

हप्ता किती असावा? नऊ टक्के दराने २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २३.१९ लाख होते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे २०,२८५ रुपये आणि व्याज सुमारे १६.५१ लाख. महिन्याला जेमतेम २,३०० रुपये अधिक भरल्याने साडेसहा लाखांहून अधिक व्याज वाचते. पण आपली मिळकत पगारदारासारखी दरमहा समान नसते. कापूस, सोयाबीन, तूर यांचे महिने सुगीचे. आषाढ-श्रावणात दुकान थंड असते आणि हप्ता तेव्हाही येतो. म्हणून हप्ता मंदीच्या महिन्याला झेपेल एवढाच ठरवावा, सहा हप्त्यांची रक्कम मुदत ठेवीत बाजूला ठेवावी आणि हंगामात हाती आलेला पैसा मुद्दलात भरावा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड २०१२ पासून आकारता येत नाही. ही सवलत व्यापाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. आपल्या परंपरेत परिग्रहाचे परिमाण आधी ठरवतात. घराचा अंदाजही तसाच, घर पाहायला निघण्यापूर्वी ठरवावा.

कागदपत्रांत घाई नको. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. शेतजमिनीचे तुकडे पाडून नुसत्या मुद्रांकावर विकलेले भूखंड स्वस्त दिसतात. पण मंजूर अभिन्यास नसेल तर त्यावर ना कर्ज मिळते, ना बांधकाम परवाना. भोगवटादार वर्ग दोनची किंवा नझूलची जमीन असल्यास परवानगीच्या अटी वाचाव्यात. आमच्या भागात आणखी एक बारकावा आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या दस्तांत जिल्हा अकोला आढळतो. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेताना हे लक्षात असू द्यावे. बांधकाम चालू असलेली सदनिका असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासक मागू शकत नाही.

शेवटी प्रश्न येतो नावाचा. खरेदीखत एकट्याच्या नावे, पतिपत्नींच्या की एकत्र कुटुंबाच्या, हे पैसे देण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. भाऊ सहभागी असतील तर कोणाचे किती, हे लिहून ठेवण्यात संकोच नसावा; लिहिलेल्या हिशेबाने नाती टिकतात. महाराष्ट्रात राहते घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे आणि पुष्कळजण तिचा लाभ घेतात. परंतु ज्या स्त्रीच्या नावे घर आहे, तिच्यापुढे उद्या दुकानाच्या कर्जाचे कागद येतील, तेव्हा ते तिला पूर्ण वाचून दाखवावेत आणि “नाही” म्हणण्याचा तिचा अधिकार घरातील सर्वांनी मानावा.