बुटुआनची बिनव्याजी ठेव

फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील मिंडानाओ बेटावर आगुसान नावाची मोठी नदी उत्तरेकडे वाहत जाते. समुद्राला मिळण्याच्या थोडे अलीकडे तिच्या काठी बुटुआन हे शहर वसलेले आहे. मनिलाहून विमानाने सुमारे दीड तासात येथे पोहोचता येते. शहर देखणे म्हणता येणार नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे इमारती लाकडाचा व्यापार भरभराटीस आला आणि जंगले विरळ होताच ओसरला; त्या चढउताराच्या खुणा अजूनही दिसतात. मात्र व्यापाराची परंपरा लाकडाहून कितीतरी जुनी आहे. नदीकाठच्या गाळात १९७०च्या दशकात लाकडी नौका सापडल्या. त्यांना ‘बालांगाय’ म्हणतात आणि त्या हजारएक वर्षांपूर्वीच्या आहेत. चीनच्या सोंग दरबाराच्या इतिहासात इ. स. १००१ मध्ये बुटुआनहून आलेल्या शिष्टमंडळाची नोंद आहे. याच आगुसानच्या खोऱ्यात १९१७ साली सुमारे पावणेदोन किलो वजनाची सोन्याची स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या घडणीवर भारतीय मूर्तिकलेची छाप स्पष्ट आहे. ती मूर्ती आता शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे.

आजचा किरकोळ व्यापार मात्र ‘सारी-सारी’ दुकानांतून चालतो. सारी-सारी म्हणजे नाना प्रकारचे, सटरफटर. घराच्याच पुढच्या खिडकीला जाळी लावून मांडलेली ही दुकाने गल्लोगल्ली आढळतात. एका कपापुरते तेल, एका अंघोळीपुरता शाम्पू आणि एकेक सुटी सिगारेट येथे मिळते. आपल्याकडच्या पानटपरीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. सुट्या सिगारेटीचे गणित व्यापाऱ्याला निराळे समजावून सांगायला नको. पाकीट घेताना माणूस रक्कम पाहतो. एकेक घेताना हिशेब कोठेच लिहिला जात नाही, आणि महिनाअखेर मोठी रक्कम धुरात गेलेली असते.

हा न लिहिलेला हिशेब खात्यावर घेण्याचे काम तेथील एका बँकेने केले. बुटुआनला मुख्य कचेरी असलेल्या ‘ग्रीन बँक ऑफ कारागा’ या ग्रामीण बँकेने झेवियर जिने, डीन कार्लान आणि जोनाथन झिनमन या अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने एक आगळी ठेव आणली. तिचे नाव ‘केअर्स’. पन्नास पेसो भरून खाते उघडावयाचे आणि सिगारेटीवर जे पैसे गेले असते ते दर आठवड्याला त्यात टाकावयाचे. ठेव गोळा करण्यास बँकेचा माणूस दारी येई. १९२८ साली सिंडिकेट बँकेने सुरू केलेली पिग्मी योजना ज्यांच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्या वाचकांना हे दृश्य परके वाटणार नाही. परंतु अटी निराळ्या होत्या. सहा महिने पैसे काढता येत नसत, आणि व्याज तर मुळीच नव्हते. मुदत संपताच लघवीची तपासणी होई. तीत निकोटिन अथवा कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून तयार होणारे द्रव्य, आढळले नाही तर संपूर्ण रक्कम परत. आढळले तर संपूर्ण रक्कम धर्मादाय. बँकेने त्यातली दमडीही आपल्या नफ्यात घ्यावयाची नाही, ही अट विशेष महत्त्वाची. तीवाचून या योजनेवर कोणी विश्वास ठेवला नसता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोटिनिन सिगारेटीतून आले की निकोटिनच्या च्युइंगममधून अथवा चिकटपट्टीतून, हे तपासणीला कळत नाही. त्यामुळे ही वाट निकोटिनचा कोणताही पर्याय न घेता, केवळ आपल्याच पैशाच्या धाकाने चालावयाची होती.

व्यवहाराच्या दृष्टीने असे खाते कोणी उघडू नये. व्याज नाही, अडीनडीला पैसे मिळत नाहीत, वर मुद्दलच बुडण्याची भीती. तरीही विचारलेल्यांपैकी ११ टक्के लोकांनी ते उघडले. सकाळी दुकान उघडताना ‘आजपासून बंद’ म्हणणारा माणूस संध्याकाळी गिऱ्हाईक पांगल्यावर दुसराच असतो, हे ओढणाऱ्याला स्वतःला पक्के ठाऊक असते. सकाळच्या माणसाने संध्याकाळच्या माणसाकडून घेतलेले तारण म्हणजे ही ठेव. चातुर्मासात मुदतीचा नियम घेणाऱ्या घरांना यातील मर्म लवकर उमजेल. फरक इतकाच की बुटुआनला साक्षीदार म्हणून खातेवही होती.

खातेदार सरासरी दर पंधरवड्याला भरणा करीत गेले. सहा महिन्यांत सरासरी ५५० पेसो साठले. ही रक्कम त्यांच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश होती. गरीब माणसाने इतके पणाला लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

निकाल पाहताना घाई करू नये. ज्यांना ही ठेव देऊ केली, त्यांत न देऊ केलेल्यांपेक्षा शंभरांमागे सुमारे तीन जण अधिक सुटले. तीनचा आकडा क्षुल्लक वाटतो. पण शंभरांतल्या अकराच जणांनी खाते उघडले होते हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. प्रयोगातील आणखी एका गटाला धूम्रपानाच्या दुष्परिणामांची भयानक चित्रे असलेली खिशात मावणारी कार्डे दिली होती. त्यांचा ठळक परिणाम दिसला नाही. भीती पाठ होते, पैसा पाठ होत नाही.

तपासणीची तारीख आधी ठाऊक असणे हा या योजनेतला उघड दोष होय. कोटिनिन शरीरात काही दिवसच टिकते. तेव्हा शेवटचा आठवडाभर तोंड बंद ठेवले तरी पैसे सुटू शकतात. ज्या शाखेला निरीक्षणाची तारीख कळते तिची पुस्तके त्या दिवशी नेहमीच जुळतात, हे बँकेत काम केलेल्यांना सांगावयास नको. प्रयोग करणाऱ्यांनी याची दखल घेतली. बारा महिन्यांनी, जेव्हा कोणतीही ठेव पणाला उरली नव्हती, तेव्हा त्यांनी अचानक पुन्हा तपासणी केली. फरक टिकून होता.

मात्र खाते उघडणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांची रक्कम बुडाली, हेही त्याच हिशेबात लिहिलेले आहे. त्यांची सिगारेटही सुटली नाही आणि महिन्याच्या कमाईचा पाचवा हिस्साही गेला. दानाला गेला हे खरे, पण ज्याच्या घरातून गेला ते घर दान करण्याच्या स्थितीत होते काय, हा प्रश्न उरतोच. असा करार करणाऱ्याने रक्कम बोचेल इतकी ठेवावी, चूल अडेल इतकी नव्हे.

पुढे अमेरिकेत एका मोठ्या औषधविक्री कंपनीशी संबंधित २,५३८ लोकांवर असाच प्रयोग झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे नुसते बक्षीस देऊ केले तेव्हा ९० टक्के लोक तयार झाले. स्वतःचे दीडशे डॉलर अनामत ठेवा म्हटल्यावर १४ टक्केही झाले नाहीत. त्यामुळे एकंदरीत बक्षिसानेच अधिक लोकांची सिगारेट सुटली. परंतु जे अनामत ठेवण्यास राजी होते, त्यांच्या बाबतीत नुसत्या बक्षिसापेक्षा अनामत अधिक प्रभावी ठरली. बुटुआनच्या ११ टक्क्यांशी अमेरिकेचा हा आकडा किती जवळचा आहे! एका ठिकाणी नदीकाठचे कष्टकरी, दुसऱ्या ठिकाणी पगारदार. पण स्वतःची रक्कम स्वतःविरुद्ध तारण ठेवणारे दोन्हीकडे शंभरांत दहा-पंधराच निघाले.