कर भरताना इथला, घर घेताना परका

नोकरीसाठी मेलबर्नला आलो ते २०१९ साल. त्याच वर्षी १ जुलैपासून व्हिक्टोरिया राज्याने परकीय खरेदीदारावरची जादा स्टॅम्प ड्युटी ७ टक्क्यांवरून ८ टक्के केली. कंपनीने काढून दिलेल्या ४८२ व्हिसावर आलेला माझ्यासारखा नोकरदार कायद्याच्या लेखी परकीयच. पगारातून प्राप्तिकर शेजाऱ्यासारखाच कापला जायचा; घराचा विषय निघाला की मात्र आम्ही सिंगापूरला बसून फ्लॅट घेणाऱ्या गुंतवणूकदाराच्या रांगेत.

“अरे, भाडं भरतोच आहोत, त्यात थोडी भर घालून हप्ता नाही का भागणार?” असं बायको म्हणाली, तेव्हा आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. घर ६ लाख डॉलरचं धरलं. नेहमीची स्टॅम्प ड्युटी ३१,०७० डॉलर, वर परकीय म्हणून ४८,०००. शिवाय परकीय गुंतवणुकीची मंजुरी काढायची, तिचं शुल्क वेगळं. जुनं घर घेतलं तर स्वतःच राहायचं, भाड्याने द्यायचं नाही, आणि मुक्काम हलला की विकायचं. तेच घर पहिल्यांदा घेणारा माणूस पीआरवाला, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेला असेल, तर ६ लाखांपर्यंत ड्युटी शून्य! जवळजवळ ८० हजार डॉलरचा हा फरक केवळ पासपोर्टला जोडलेल्या व्हिसाच्या प्रकारावर. परदेशातून पैसा ओतून घरं रिकामी ठेवणाऱ्यांना आळा घालावा, हे मला पटतं. पण जो इथेच राहतो, इथेच राबतो, त्याला त्याच मापाने मोजणं अन्याय आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आम्ही थांबलो. मग कोरोना आला, सीमा बंद झाल्या, तात्पुरत्या व्हिसावर बाहेर गेलेल्यांना परतता येईना. त्या काळात डोक्यावर कर्ज नव्हतं, याचा मोठा आधार वाटला.

पीआर २०२२ च्या मध्यावर मिळाली आणि आमचे शनिवार घरं बघण्यात जाऊ लागले. मेलबर्नच्या सनशाइन उपनगरातला एक लिलाव आठवतो. फुटपाथवर माणसं जमलेली, निम्मे नुसते बघे. कोणाच्या हातात कॉफी, कोणाच्या कुत्र्याची दोरी. लिलाववाला गुंडाळलेले कागद हवेत नाचवत आकडा पुकारत होता. आम्ही ठरवलेली मर्यादा पहिल्या काही मिनिटांतच ओलांडली गेली. लिलावात बोली लागली की १० टक्के रक्कम त्याच दिवशी भरायची आणि मागे फिरायची सोय नाही. खाजगी सौद्यात सही केल्यावरही कामकाजाचे तीन दिवस विचार बदलता येतो. आम्ही खाजगी सौद्याचाच रस्ता धरला.

टार्नीट या उपनगरातलं घर आवडलं. विकणाऱ्याने द्यायचं निवेदन, इथे त्याला ‘सेक्शन ३२’ म्हणतात, ते खरेदीचे कागद तपासणाऱ्या कॉन्व्हेयन्सरबाईंनी आमच्यासमोर पान न् पान वाचलं. नकाशात मागच्या कुंपणालगत एक बारीक तुटक रेघ होती. तिच्याखालून सांडपाण्याची वाहिनी गेलेली. तिच्यावर पाणी कंपनीच्या संमतीशिवाय बांधकाम करता येत नाही. बायकोच्या मनात नेमकी तिथेच सासू-सासऱ्यांसाठी एक खोली होती. ते घर आम्ही सोडलं आणि पुढच्याच गल्लीतलं घेतलं. व्याजदर तेव्हा महिन्यामागून महिना चढत होते. बँक चालू दरावर आणखी ३ टक्के धरून हप्ता झेपेल का ते तपासायची. त्या चाळणीतून पार पडलो.

सांगलीहून बाबांचा फोन आला. “उतारा कुणाच्या नावावर? मागचे वारस कोण?” त्यांना सांगितलं, इथे टोरेन्स पद्धत आहे. १८५८ पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेली. सरकारी नोंदवहीत नाव लागलं की मालकीची हमी सरकार देतं, मागचे कागद उकरावे लागत नाहीत. बाबांनी भाऊबंदकीच्या खटल्यात तालुक्याला आयुष्यभर खेटे घातलेले. ते म्हणाले, “मग नोंद झाल्याचा कागद मला पाठव, मी बघतो.”

पुण्याहून नुकताच आलेला एक सहकारी परवा तात्पुरत्या व्हिसावर घर घ्यावं की थांबावं, या प्रश्नावर माझ्याशी बोलत बसला होता. आता तर १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जुनं घर घ्यायलाच बंदी आहे, काही मोजके अपवाद सोडून. मंजुरी काढून नवं घर घेता येतं. त्याला म्हटलं, आधी जादा ड्युटी धरून हिशेब मांड, पीआरला किती अवकाश आहे ते बघ, आणि आवडलेल्या घराचं सेक्शन ३२ सही करण्याआधी कॉन्व्हेयन्सरकडे दे.