गुरुवारचे आमचे वाद

सत्तरच्या दशकात लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टरला येऊन स्थिरावलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांत आम्ही वाढलो. एरवी वेळेवर झोपण्याबाबत कडक असणारे आमचे बाबा गुरुवारी मुलांना जागू देत, कारण त्या रात्री बीबीसीवर ‘क्वेश्चन टाइम’ असायचा. 25 सप्टेंबर 1979 ला, केवळ सहा महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेला हा कार्यक्रम अजून चालू आहे. पहिल्या दिवशीचे चार पाहुणे होते मजूर पक्षाचे मायकल फूट, हुजूर पक्षाचे टेडी टेलर, लिव्हरपूलचे आर्चबिशप डेरेक वॉरलॉक आणि कादंबरीकार एडना ओब्रायन. समोर बसलेल्या सामान्य माणसानं प्रश्न विचारायचा आणि मंत्र्यानं आधी न कळलेल्या त्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. मंत्र्याला असं धरता येतं, याचं आमच्या आईबाबांना फार अप्रूप होतं.

सूत्रधार रॉबिन डे ठिपक्यांचा बो टाय लावून मध्ये बसत. पाहुणा विषय सोडून भलतीकडे निघाला की ते त्याला ओढून प्रश्नावर आणत. आईचं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं, पण ‘हा उत्तर टाळतोय हं’ हे ती बाबांच्या आधी ओळखायची. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी तर आमच्या घरात दोन तट पडले होते. बाबा सरकारच्या बाजूचे. शेजारचे काका, मुंबईच्या गिरणगावात वाढलेले, कामगारांच्या. टीव्ही बंद झाल्यावर खरा कार्यक्रम सुरू व्हायचा, तो मराठीत. पुढे महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलला वास्तू झाली, तेव्हा तिथल्या चहाच्या टेबलावर गुरुवारचा वाद रविवारी पुन्हा उकरला जाई.

रॉबिन डे 1989 साली कार्यक्रमातून बाहेर पडले आणि चॅनल फोरवरून पीटर सिसन्स आले. 1994 पासून डेव्हिड डिम्बल्बी, तेही पंचवीस वर्षं. जानेवारी 2019 पासून फिओना ब्रूस. ही नावं आमच्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. बार्बरा मॅक्सवेल हे नाव मात्र फारच थोड्यांना सांगता येईल. त्या या कार्यक्रमाच्या पहिल्या संपादक. पाहुण्यांत किमान एक बाई हवीच, हा आग्रह त्यांचा. आमच्या आया तो कार्यक्रम आपला मानून बघत, त्याचं श्रेय मी रॉबिन डेंइतकंच मॅक्सवेलबाईंना देते. 1991 मध्ये बीबीसीनं निर्मितीचं काम बाहेरच्या संस्थेला दिलं आणि त्यांचं पर्व संपलं. त्यानंतर संस्था बदलल्या, संपादक बदलले, निर्मितीचं ठाणंही ग्लासगोला हललं. घरी आम्हाला एवढंच जाणवायचं, की हल्ली कार्यक्रम वेगळा लागतो. का, ते कळत नसे.

ते कळलं काकांमुळे. त्यांना एकदा प्रेक्षकांत बसायला बोलावणं आलं. आधी अर्ज, मग फोन: मत कुणाला देता, कुठल्या पक्षाचे सभासद आहात का. तिथे पोचल्यावर कार्डावर प्रश्न लिहून द्यायचा. त्या ढिगातून मोजके निवडले जातात. काकांचा प्रश्न निवडला गेला नाही, पण परत आल्यावर ते म्हणाले, ‘अरे, अर्धा वाद तर त्या कार्डांच्या टेबलावरच ठरतो.’

याचा धडधडीत पुरावा 13 सप्टेंबर 2001 च्या रात्री दिसला. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते. प्रेक्षकांतून अमेरिकेविरुद्ध असा मारा झाला, की माजी अमेरिकी राजदूत फिलिप लेडर यांचे डोळे भरून आले. आम्ही सगळे गप्प बसून बघत होतो. पुढे बीबीसीचे महासंचालक ग्रेग डाइक यांना माफी मागावी लागली. प्रेक्षकांत कोण बसलंय, कुठला प्रश्न कधी घ्यायचा, ही सगळी जबाबदारी संपादनाची असते, हे त्या रात्री आम्हाला पुरतं उमगलं.

माझं एक ठाम मत आहे. 1999 साली चाराचे पाच पाहुणे केले, ते चुकलं. पाच जणांत प्रत्येकाच्या वाट्याला एखादं ठरीव वाक्य येतं, आणि टाळाटाळ करणाऱ्याला लपायला जागा मिळते. चौघांत रॉबिन डे माणसाला पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नावर आणू शकत. हा फरक नुसत्या सूत्रधाराच्या कर्तबगारीचा नव्हता.

आता आमची मुलं त्यातले तुकडे फोनवर बघतात आणि फिओना ब्रूसवर भांडतात. भांडा की, आम्हीही भांडलो. पण पुढच्या गुरुवारी अख्खा भाग बघा, संपल्यावर लगेच उठू नका, आणि शेवटी सरकत जाणाऱ्या नावांत संपादक कोण आहे तेवढं वाचा. तक्रार करायची असेल किंवा शाबासकी द्यायची असेल, तर त्या नावाला पत्र लिहा.