नानांचे शब्द आणि मोबाइल

बोलणं माणसाकडून माणसाकडे येतं, यंत्राकडून नाही, असं माझं ठाम मत होतं. माझ्या मोठ्या भावाला, नानांना, लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली. पुतण्याने मोबाइलवर सराव घेण्याचा विषय काढला तेव्हा मी त्याला सरळ नाही म्हटलं. आज पाचोऱ्यात कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर मीच जाऊन मोबाइलचं सांगतो.

बहुतेकांचा भाषेचा भाग मेंदूच्या डाव्या बाजूला असतो; तिथला रक्तपुरवठा तुटला की तो दुखावतो. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना असा वाचाघात होतो. १८६१ मध्ये पॅरिसला डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण काहीही विचारलं तरी 'तां' एवढंच म्हणे. आमचे नाना 'हाई, हाई' म्हणत. पाणी हवं असलं तरी हाई, पाठ दुखली तरी हाई. समज पूर्ण शाबूत होती. कापसाचा भाव कानावर पडला की कपाळावर आठ्या यायच्या. तरी भेटायला येणारे त्यांच्यासमोरच 'नानांना आता काही कळत नाही' म्हणत, आणि नाना ते ऐकत असत. ते आम्हाला फार लागायचं.

जळगावच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, अधूनमधून येऊन भागणार नाही, सराव रोज हवा. गाड्या आहेत, जळगाव काही फार लांब नाही. पण अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला फलाटावरून डब्यात चढवणं म्हणजे काय, ते वहिनींना विचारावं.

माझा दुसरा आक्षेप भाषेचा होता, आणि तो मी अजून सोडलेला नाही. वाचाघातासाठीची साधनं आधी इंग्रजीत झाली. स्पॅनिश बोलणारे जगात कोट्यवधी, म्हणून त्यांच्यासाठीही झाली. मराठीत आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विभागात घडलेलं 'जेलो' हे मोफत ॲप आहे; चित्राला बोट लावलं की ते मराठीत बोलतं. मुळात ते बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी केलेलं, पण काम चांगलं आहे. मात्र आमच्या घरात अहिराणी. नाना जन्मभर 'माले पानी दे' म्हणाले. 'मला पाणी हवं आहे' हे त्यांच्या तोंडी कधी नव्हतंच. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषक, ज्यांत अहिराणी बोलणारेही धरले जातात, १८ लाखांवर होते. त्यांच्यातल्या रुग्णांनी प्रमाण मराठीत बरं व्हायचं का?

यावर वाट काढली ताईंनीच. आपल्या ताटाचे, शेताचे, नातवंडांचे फोटो काढा आणि घरच्या आवाजात शब्द भरा, असं त्या म्हणाल्या. पुतण्याने वहिनींच्या आवाजात पानी, भाकर, चा, भरीत, नातवंडांची नावं भरली. बोलताना वहिनींच्या ओठांचं चित्रीकरणही केलं. मग जे दिसलं त्याने माझं मत फिरलं. मी समोर बसलो की नाना दोनदा अडखळून गप्प होत. धाकट्या भावापुढे चुकणं त्यांना सोसवत नसे. मोबाइल घेऊन ओसरीवर एकटे बसले की मात्र तोच शब्द पुन्हा पुन्हा लावत आणि म्हणत राहत. तिथे त्यांचा मान राखला जात होता. माझ्या मायेने जे जमलं नाही, ते त्या एकांताने जमलं. 'भाकर' आली, 'पानी' आलं, थोरल्या नातीचं नाव आलं.

याहून जास्त आशा मात्र मी कुणाला लावणार नाही. ब्रिटनमध्ये २७८ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांनी स्वतःला हवे ते शब्द निवडले आणि घरी संगणकावर त्यांचा सराव केला. ते शब्द आठवणं स्पष्टपणे सुधारलं, पण रोजच्या संभाषणात फरक दिसला नाही. नानांचंही तसंच आहे. शब्द मोबाइलने दिले. ते वापरायला पारावर चार जण लागतात, आणि नानांचा शब्द येईपर्यंत त्यांना थांबावं लागतं.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून अहिराणी आणि तावडी या इथल्या बोलींतल्या रोजच्या शब्दांचा, चित्रांसह, आवाजाचा ठेवा करावा आणि तो सर्वांना फुकट द्यावा. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी तज्ज्ञांना एकदा दाखवून सराव लगेच सुरू करावा. मोबाइल घरात आहेच.