झटण्याचं देणं

इंग्रजीत प्रयत्नासाठी शब्दांची वाण नाही. ट्राय आहे, अटेम्प्ट आहे, एफर्ट आहे. पण मला त्यांतला एन्डेव्हर फार आवडतो, तो त्याच्या जन्मकथेमुळे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘दव्वार’ म्हणजे कर्तव्य. स्वतःला दव्वारात घालून घेणं, म्हणजे एखादं काम कर्तव्य म्हणून अंगावर घेणं, असा वाक्प्रचार सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रुळला. बोलता बोलता त्यातले शब्द एकमेकांना चिकटले आणि त्यांचा एन्डेव्हर झाला. दव्वारच्याही मागे एक लॅटिन क्रियापद उभं आहे. त्याचा अर्थ देणं लागणं. डेट, ड्यू, डेबिट हे शब्द त्याच घरातले. म्हणजे या शब्दाच्या तळाशी कर्ज आहे. ज्याचं आपण काही लागतो, त्याच्यासाठी केलेली धडपड ती ही.

वापरात मात्र हा शब्द झिजून गुळगुळीत झाला. ‘आपल्या तक्रारीचं निवारण करण्याचा आम्ही प्रयत्न करू’ असं पत्र हाती आलं की काही होणार नाही हे आपल्याला कळतं. आपल्याकडेही कुणी ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणालं की मागणारा चपला घालून निघतो. नकार देण्याचं धाडस नसलं की माणसं प्रयत्नाचं वचन देतात. मला हे फार खुपतं. ज्या शब्दात ऋणाची कबुली आहे, त्याचा उपयोग ऋण बुडवायला व्हावा?

इंग्लंडच्या न्यायालयांनी त्याला असं सुटू दिलं नाही. तिथल्या करारांत ‘बेस्ट एन्डेव्हर्स’ असं कलम असतं. मी यश मिळवून देईनच असं नाही, पण माझ्याकडून होईल तेवढं सगळं करीन, असा त्याचा आशय. 1911 साली शेफील्ड डिस्ट्रिक्ट रेल्वे आणि ग्रेट सेंट्रल रेल्वे या दोन कंपन्यांचा खटला उभा राहिला. छोट्या मार्गावरची वाहतूक वाढवण्यासाठी मोठ्या कंपनीने सर्वोत्तम प्रयत्न करायचे होते. ते केले का, एवढाच प्रश्न. न्यायाधीशांनी त्या शब्दांचा साधा अर्थ लावला. सर्वोत्तम म्हणजे सर्वोत्तम, दुय्यम चालणार नाही. पुढे वकिलांनी या प्रयत्नांच्या पायऱ्याही पाडल्या: सर्वोत्तम, त्याखाली सर्व वाजवी, त्याहून खाली नुसते वाजवी. माणूस किती झटला हे तराजूत घालून पाहता येतं, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

या नावाचं एक जहाजही होतं. व्हिटबी बंदरात बांधलेलं, कोळसा वाहणारं ते गलबत ब्रिटिश आरमाराने 1768 साली विकत घेऊन त्याचं नाव एन्डेव्हर ठेवलं आणि जेम्स कुकच्या हाती दिलं. शुक्राचं अधिक्रमण बघायला ते ताहितीला गेलं, तिथून पुढे दक्षिणेकडे. 11 जून 1770 च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ते प्रवाळाच्या खडकावर चढलं. तोफा, तळातल्या दगड-लोखंडाचं ओझं, कुजलेला शिधा, सगळं समुद्रात ढकललं. अधिकाऱ्यांपासून खलाशांपर्यंत सगळे आळीपाळीने पंप मारत राहिले. दुसऱ्या रात्रीच्या भरतीला जहाज सुटलं. मग लोकर आणि जुन्या दोरखंडांचे धागे लावलेलं शीड बुडाखालून ओढून भोक बुजवलं. फुटलेल्या जागी प्रवाळाचाच एक तुकडा अडकून बसला होता, म्हणून ते तरलं. वाचताना छाती धडधडते. पण याच जहाजावरच्या माणसांनी त्याआधी न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर माओरींवर गोळ्या चालवल्या होत्या, आणि बॉटनी बेमध्ये तिथल्या दोन पुरुषांनी उतरू नका म्हणून वाट अडवली तेव्हा त्यांच्यावरही बंदुका झाडल्या होत्या. झटणं पराकाष्ठेचं असलं म्हणून ते चांगलं ठरत नाही. आपण कुणाचं देणं फेडतो आहोत, हे आधी ठरावं लागतं.

म्हणून मी पुन्हा पुन्हा संविधान सभेच्या चर्चांकडे वळते. ते जाड खंड उघडले की तासच्या तास जातात. 19 नोव्हेंबर 1948 या दिवशी तिथे मार्गदर्शक तत्त्वांवर खडाजंगी चालू होती. ही तत्त्वं न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, असं मसुद्यातच म्हटलेलं. मग ती हवीत कशाला? के. टी. शहांना तो बँकेला जमेल तेव्हा वटणारा धनादेश वाटला. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर या भागावरच्या चर्चेत त्याला भावनांची कचरापेटी म्हटलं. आक्षेप पोकळ नव्हते. त्यातच एका कलमातला स्ट्राइव्ह हा शब्द वादात सापडला: राज्य लोककल्याणासाठी झटेल. नुसतं झटेल? करील का नाही?

डॉ. आंबेडकर उत्तराला उभे राहिले. हा शब्द आपल्या मते फार महत्त्वाचा आहे, असं त्यांनी सांगितलं. परिस्थिती आडवी आली, काळ कितीही कठीण असला, तरी सरकारने झटत राहिलं पाहिजे. तो शब्द घातला आहे तो याचसाठी. तो नसेल तर कुठलंही सरकार म्हणेल की दिवस वाईट आहेत, तिजोरीत पैसा नाही, त्या दिशेने साधा प्रयत्नसुद्धा आमच्याने होणार नाही.

मी ते वाचलं आणि खंड मिटून बराच वेळ बसून राहिले. जो शब्द पळवाट वाटत होता, त्यानेच बाबासाहेबांनी पळवाट बुजवली होती. यश परिस्थितीवर अवलंबून असतं, पण झटणं परिस्थितीवर सोडायचं नाही. मूळच्या फ्रेंचमध्ये स्ट्राइव्हचा अर्थ भांडणं, झुंजणं. महाडला पाण्यासाठी आणि नाशिकला मंदिराच्या दारासाठी झुंजलेल्या माणसाने तो शब्द राज्याच्या गळ्यात बांधावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शेजारचं कलम तर उघडच म्हणतं की ही तत्त्वं अमलात आणणं हे राज्याचं कर्तव्य राहील. दव्वार तो हाच. आणि न्यायालय विचारणार नसलं तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांना उत्तर द्यावंच लागेल, हे त्यांनी पंधरा दिवस आधीच बजावलं होतं.

या भागात एका कलमाला मुदतही घातली होती. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांत झटायचं होतं; इथला इंग्रजी शब्द एन्डेव्हर. ‘शिक्षण’ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ म्हणा, अशी सूचना आली, ती आंबेडकरांनी मान्य केली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावू नये असं आपण दुसऱ्या कलमात म्हणतो; मग ते मूल त्या वयापर्यंत कुठल्या तरी शाळेत असायला हवं. इतका सरळ हिशेब. पण मूळ मसुद्यात ‘प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे’ असे शब्द होते, ते त्याच चर्चेत गळाले. हक्क गेला, झटणं उरलं.

आणि ते देणं तेव्हाच जुनं झालं होतं. जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी आहे. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामावर भरते आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी रोखठोक मांडलं. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली राज्यभर सक्ती केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही किती जपून: स्थानिक संस्थांना हवी तर सक्ती करता यावी, एवढंच. पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. आपल्या पिढीने आपल्या अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. मधुमेहाने खंगलेला तो माणूस तीन वर्षांत गेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. वाट दिसत होती, संस्थानांनी चालून दाखवली होती.

संविधानाची ती दहा वर्षं 1960 साली संपली. माझी आत्या नेमकी त्या वर्षांत शाळेच्या वयाची होती. गावात शाळा होती, घरात धाकटी भावंडं होती. दुसरी झाली आणि तिच्या कडेवर माझे काका आले. तिला अक्षरं आठवत, पण जुळवता येत नसत. एसटीची पाटी ती रंगावरून आणि थांब्याच्या जागेवरून ओळखी. तिच्याबाबतीत कुणी कायदा मोडला नव्हता. राज्य झटतच होतं, आणि त्या झटण्याचा हिशेब तिच्या दारात येऊन मागणारं कुणी नव्हतं. बाबासाहेबांनी मतदारांवर भिस्त ठेवली होती. आत्याने जन्मभर न चुकता मत दिलं. तिचं काय राहिलं आहे, हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही.

1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या मुदतीची आठवण काढली. दहा सोडून चव्वेचाळीस वर्षं उलटली, या उल्लेखाला काही अर्थ आहे की नाही, असा न्यायालयाचा सवाल होता. चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्कच आहे, असा निकाल लागला. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्कांत आला आणि 1 एप्रिल 2010 पासून कायदा लागू झाला. फुल्यांच्या निवेदनाला तेव्हा 128 वर्षं होत होती.

एन्डेव्हर मात्र मुदत घातलेल्या त्या जुन्या कलमातून गेला नाही, फक्त वयाने लहान झाला. तेच पंचेचाळिसावं कलम आता म्हणतं की सहा वर्षांखालच्या सर्व मुलांचं संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्य झटेल. या वेळी मुदत नाही. प्रत्यक्षात ते झटणं कोण करतं, हे कुठल्याही गावात सकाळी गेलात तर दिसतं. अंगणवाडीची सेविका मुलांना घरोघरून गोळा करते, वजनं घेते, खाऊ वाटते, गाणी म्हणून घेते, आणि उरलेल्या वेळात रजिस्टरं आणि मोबाईलवरची माहिती भरते. तिला पगार नाही, मानधन आहे. 2022 मध्ये गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं, तेही त्या वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या तेव्हा. राज्याने झटायचं असं संविधान सांगतं, आणि राज्याच्या नावाने झटणाऱ्या या बाईला पूर्ण वेळेची कर्मचारी म्हणा, ही मागणी अजून आझाद मैदानावर बसलेली असते. पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारी आलं, की मी आधी हेच विचारणार आहे.