आमची मॅटॅडोर

घर म्हटले की चार भिंती, एक दार, पुढे अंगण आणि अंगणात तुळस, असे आपण सगळ्यांनीच शाळेच्या निबंधात लिहिलेले असते. मीही लिहिले होते आणि दहापैकी सात गुण मिळवले होते. पण वर्षातले चार-पाच महिने आमचे घर चाकांवर असे, ते त्या निबंधात कुठे बसवावे हे मला तेव्हा समजले नव्हते. ते चाकांवरचे घर आम्ही या वर्षी विकले. म्हणून आज त्याच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

आमचे गाव माण तालुक्यात. पाऊस आला तर ज्वारी, न आला तर नुसते ढेकूळ. त्यामुळे आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, जत्रांतून खेळणी आणि कटलरीचे दुकान लावायला सुरुवात केली. पहिली काही वर्षे पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर टाकून ते गावोगाव फिरले. १९९६ साली त्यांनी एक जुनी मॅटॅडोर घेतली. गाडी १९८८ सालची. म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच ती आठ वर्षांची होती. मी जन्मले तेव्हा ती वयात आलेली होती असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. तो शब्द मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्यांच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, मॅटॅडोर तिचीच. २००५ साली कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले, पण आमच्या बाजारात टेम्पो तो टेम्पोच राहिला.

मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघाला की आमचे वर्ष सुरू होई. मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात कधी पालचा खंडोबा तर कधी सोलापूरचा गड्डा, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा. दिवसा गाडीपुढे ताडपत्री ताणून दुकान मांडायचे आणि रात्री त्याच गाडीत झोपायचे. आबांनी आत आडव्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. फळ्यांच्या वर माणसे, खाली बाहुल्या, शिट्ट्या, कंगवे आणि बांगड्यांची खोकी. मागच्या दाराशी स्टोव्ह, दोन पातेली, पाण्याचा कॅन. आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. वरच्या आडव्या दांडीला झोळी बांधलेली. त्या झोळीत आधी मी आणि नंतर माझा भाऊ वाढलो. थंडीत पहाटे गाडी पटकन चालू होत नसे. अण्णा हीटर लावून थांबत, मग इंजिन एकदाचे खोकत उठे, आणि आम्ही भावंडे पुढे जाऊन त्याच्या झाकणाशी हात शेकत बसू. शाळेत घातल्यावर मी आजीजवळ राहू लागले आणि गाडीतले घर फक्त सुट्टीपुरते उरले.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्रा भरल्या नाहीत. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. चिमण्यांनी तिच्यात घरटे केले, उंदरांनी वायरी खाल्ल्या, पावसाने पत्रा खाल्ला. नंतर जत्रा सुरू झाल्या, पण जुन्या गाडीच्या पासिंगचा खर्च वाढला होता आणि खेळण्यांचे गिऱ्हाईक घटले होते. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. त्यानंतर अण्णांनी एका रात्री जेवताना सांगितले, “औंदा इकायची. बाजारपेठेत गाळा घ्यू.” आईने पुढे काही विचारले नाही. तिने भाकरी वाढली तेवढीच.

विकणे इतके सोपे नव्हते. गाडी आबांच्या नावावर. मालक वारल्यावर आधी वारसाच्या नावावर करायची, त्याला नमुना ३१ चा अर्ज. मग विकताना नमुना २९ आणि ३०. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, तेव्हा हे काम माझ्याकडे आले. आत्यांची संमतीपत्रे झाली. आजीने आपल्या कागदावर अंगठा उठवला आणि विचारले, “ह्यात त्यांचं नाव खोडत्यात का?” मी म्हटले, “खोडत नाहीत आजी, पुढं लिहितात.” हे बरोबर की चूक, ते परिवहन कार्यालयच जाणे, पण आजीला तेवढे पुरले. चॅसीच्या नंबरावरचे वंगण पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिलीने मी ठसा काढला, तेव्हा कॉलेजात शिकल्याचे घरच्यांना प्रथमच काहीतरी दिसले.

आता गिऱ्हाइकांविषयी. पहिला आला तो भंगारवाला. त्याने गाडीकडे न बघता वजन विचारले आणि चाळीस हजार सांगितले. दुसरे आले ते पुण्याचे एक तरुण जोडपे. त्यांना जुनी मॅटॅडोर घेऊन तिच्यात बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची होती. सुट्टीत डोंगरात, समुद्रावर जाऊन त्यातच राहायचे होते. त्यांनी मोबाइलवर जर्मन फोक्सवॅगन गाड्यांची छायाचित्रे दाखवली. १९५० पासून निघालेल्या त्या डबेवजा गाड्यांत युरोपातले लोक संसार मांडून फिरत, आणि साठ-सत्तरच्या दशकांत त्यांतली काही तरुण मंडळी इराण, अफगाणिस्तानमार्गे थेट आपल्या गोव्यापर्यंत येत. आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. आई हे सगळे ऐकून मला हळूच म्हणाली, “म्हंजे आपण करत हुतो तेच की!” मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. आम्ही जे गरजेने केले आणि शाळेत सांगितले नाही, ते कुणी हौसेने पैसे देऊन करणार होते.

नव्वद हजारांवर बोलणे आले. गावातल्या एजंटाने अण्णांना बाजूला घेतले. मागच्या चाकावर आतला पत्रा सडला होता, तिथे पोटीन भरून रंग मारा, वर रबराची चटई टाका, कुणाच्या बापाला कळणार नाही, असा त्याचा सल्ला होता. गाळ्याच्या अनामतीला ऐंशी हजार हवे होते आणि माझी परीक्षेची फी भरायची होती. आई म्हणाली, “समदेच तसं करत्यात.” त्या रात्री घरात कुणी फारसे बोलले नाही.

योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी वर्गात जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा सिद्धांत शिकवला. तो जुन्या मोटारींच्या बाजारावरच आहे. गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा गाडी सरासरी दर्जाची असेल असे धरून तेवढीच किंमत देतो. त्या किमतीला चांगली गाडी कुणी विकत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. अकरलॉफ यांना २००१ साली इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. मी वहीत सगळे उतरवून घेतले, पण माझ्या डोळ्यांसमोर रबराची चटई होती.

रविवारी ते जोडपे पैसे घेऊन आले. अण्णांनी त्यांना गाडीत नेले, फळी उचलली आणि स्क्रूड्रायव्हर सडक्या पत्र्यातून आरपार घातला. “साहेब, हितनं धूर आत येतो. इंजिन चालू ठिवून हितं झोपायचं न्हाई. आधी ह्यो पत्रा कापून नवा मारा.” मग स्टिअरिंगचा खेळ, गळणारी डिझेलची नळी, हेही दाखवले. आणि आत बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागेल, हे मी माझ्यातर्फे सांगितले. तो तरुण बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “काका, पत्र्याचं आणि बाकीचं काम बारा हजारांचं तरी आहे. अठ्ठ्याहत्तर देतो.” अण्णांनी मान हलवली.

बारा हजार म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नाही. आई दोन दिवस अण्णांशी तुटक बोलत होती आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. घरखर्च तिला चालवायचा असतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “सांगितलं नसतं तर काय झालं असतं?” अण्णा एवढेच म्हणाले, “अगं, त्यात माणसं निजणार हायत. आपली पोरं निजत हुती तशी.”

सरांनी शिकवलेला सिद्धांत खरा आहे यात शंका नाही. नाहीतर एजंटाचे पोट चालले नसते. पण अज्ञान घेणाऱ्याच्या बाजूला असते आणि ते दूर करण्याची किंमत कुणीतरी मोजावी लागते, हे मला पुस्तकात कळले नसते. आमच्याकडे ती किंमत बारा हजार पडली. अनामतीला कमी पडलेले दोन हजार आणि माझी फी अण्णांनी मामाकडून उसनी आणली. ते पैसे अजून फिटायचे आहेत.

आता बाजारपेठेत आमचा गाळा आहे. अण्णा दिवसभर एका जागी बसतात आणि कंटाळतात. मागच्या महिन्यात पुण्याहून त्या तरुणाने एक छायाचित्र पाठवले. त्यात बिछाना नव्हता, ओटा नव्हता. मागच्या चाकावर वेल्डिंग करून बसवलेला नवा, कोरा पत्रा तेवढा होता. अण्णांनी ते छायाचित्र मोठे करून करून पाहिले, मग फोन आईकडे दिला. आईने डोळ्यांजवळ धरून बघितले आणि म्हणाली, “बरं झालं.”