इझी टू मॉडरेट

ट्रेकच्या पोस्टरवर ‘इझी टू मॉडरेट’ लिहिलेलं असतं, पण कुणासाठी इझी ते कुणी लिहीत नाही. ते बनवणारा बहुतेक वेळा पंचविशीतला मुलगा असतो. त्या वाटेने वीसेक वेळा गेलेला असतो, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. क्रूझवाले किनाऱ्यावरच्या सहलींना अशीच लेबलं लावतात. तिथे स्वतःच्या भरवशावर भटकायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. आपली फार तर नेरळहून शेवटची लोकल चुकते.

दिवाळीनंतर असंच एक पोस्टर आईच्या भिशीच्या ग्रुपवर आलं. खांडसहून भीमाशंकर, शिडी घाटाने, डिसेंबरातला रविवार. खाली अंगठ्यांची रांग, त्यातला एक आईचा. आई ५७ वर्षांची, बीपीची गोळी चालू, उजवा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो. बाबा आणि दादा एका सुरात ‘नको’ म्हणाले. आई म्हणाली, “एसटीने देवाला सगळेच जातात. मला पायी जायचंय.” मग घरातली ट्रेकवाली म्हणून निकाल द्यायचं काम माझ्याकडे आलं.

‘हो’ म्हणून तिला शिडीवर अडकवायचं नव्हतं. ‘नको’ म्हणणंही मला बिनधोक वाटत नव्हतं. एकदा आपल्याच माणसांनी ‘आता तुझं वय झालं’ म्हटलं, की माणूस हळूहळू स्टेशनपर्यंतही रिक्षा करायला लागतो. हे मी आजीच्या बाबतीत पाहिलंय.

शिडी घाट मी ऑफिसच्या मुलांसोबत केलेला आहे. कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या, मध्ये खाचांना धरून आडवं सरकायची जागा आणि एका बाजूला दरी. आमच्यातला एकजण नियमित हाफ मॅरेथॉन पळतो, म्हणजे २१ किलोमीटर. तो पहिल्याच शिडीच्या मध्यावर थिजला. दम लागलेला नव्हता, पाय भक्कम होते, पण हात दांडी सोडेनात. त्याच्या घड्याळातला फिटनेस स्कोअर आमच्यात सगळ्यात वरचा होता. उंचीची भीती त्या आकड्यात मोजलेलीच नसते. म्हणून मी आईला पहिला प्रश्न गुडघ्याचा नाही विचारला. विचारलं, “गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर चढशील?” ती म्हणाली, “मी काय माकड आहे?” शिडी घाट तिथेच बाद झाला.

पण खांडसहून दुसरी वाटही आहे, गणेश घाटाची. वाटेत गणपतीचं देऊळ आहे. ही वाट लांब पडते, पण मळलेली आहे आणि तिच्यावर शिड्या नाहीत. वर पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात, तिथून पुढे जंगलातली शेवटची चढण. म्हणजे देव तोच, पायथ्याचं गाव तेच आणि प्रश्न मात्र वेगळा : इतका वेळ चढत राहता येईल का?

यासाठी एक जुना हिशोब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला : दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाईला वर आणखी एक तास. हा वेळ सराव असलेल्या माणसाचा, तोही न थांबता. आपली दमट हवा, फोटो आणि चिक्कीचे थांबे धरून मी तो सरळ दुप्पट करते. खांडस कोकणात आणि भीमाशंकर घाटमाथ्यावर, त्यामुळे चढाई २००० फुटांहून जास्तच. २००० फूट म्हणजे ६०० मीटर धरू. कॅम्प २ मधली आमची इमारत तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. एक फेरी म्हणजे साधारण १२ मीटर. पन्नास फेऱ्या.

पन्नास ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, “भाजीच्या पिशव्या धरून की रिकाम्या हाताने?”

आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, चालताना छातीत दुखतं का ते विचारलं आणि परवानगी दिली. मग आम्ही दहा फेऱ्यांनी सुरुवात केली, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन. नियम एकच : चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी. दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी आंटी सहाव्या फेरीला दार उघडून उभ्या राहिल्या : “क्या ढूंढ रहे हो?” आईने त्यांना अख्खं वाक्य बोलून दाखवलं, म्हणजे दम शाबूत.

मला खरी काळजी उतरण्याची होती. चढताना फुप्फुसं ओरडतात आणि आपण थांबतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे माणूस धाडधाड सुटतो, आणि प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात. त्याचं दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. म्हणून चाचणीचा निकाल मी रविवारी नाही, मंगळवारी विचारायचे. पहिल्या मंगळवारी आई कठडा धरून उतरली. तिसऱ्या मंगळवारी, पंचवीस फेऱ्यांनंतर, मांड्या ठीक होत्या, पण उजवा गुडघा थोडा सुजला होता.

यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, चढायचं, उतरायचं नाही. भीमाशंकरहून एसटी मिळते, लांबचा फेरा पडेल, पण गुडघा वाचेल. आईला हे अर्धवट वाटलं. “पायी म्हणजे जाऊन-येऊन पायी.” मी म्हटलं, पंढरीची वारी करणारे परत कसे येतात? ती दोन दिवस नीट बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने भिशीच्या ग्रुपवर मेसेज टाकला : ‘मी गणेश घाटाने जाणार, येताना एसटी. कोण येतंय?’ पाचजणी आल्या. त्यातल्या दोघींनी आपापल्या जिन्यात फेऱ्याही सुरू केल्या होत्या.

पहाटेच्या लोकलने निघालो. नेस्मिथच्या दुप्पट वेळातही आम्ही बसलो नाही, आणखी पाऊण तास लागला. एकजण पठारावर बसली आणि पुढे नको म्हणाली, तिच्यासोबत तिची सून गणेश घाटानेच सावकाश खाली गेली. असं कुणी थांबलं तर सोबत कोण परतणार, हे आम्ही लोकलमध्येच ठरवलं होतं. आई शेवटच्या चढणीला गप्प चालत होती. मी विचारलं, “बोलता येतंय का?”

“येतंय,” ती म्हणाली, “पण तुझ्याशी नाही बोलायचंय, जप चाललाय.”